वळवलेले थर आणि सरकणारे अणू

तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर हिरवं शेडनेट दुहेरी पडलं आणि दोन जाळ्या जराशा तिरक्या बसल्या, की विणीत नसलेली मोठी नक्षी उमटते. हीच मोअरे नक्षी. शेडनेटचे धागे मात्र नक्षीपायी जागा सोडत नाहीत. एकावर एक ठेवलेल्या अतिपातळ थरांतले अणू मात्र सोडतात, आणि ही गोष्ट बराच काळ हिशेबाबाहेर राहिली.

तशी कल्पना जुनीच. स्प्रिंगने जोडलेले अणू खाचखळग्यांच्या पृष्ठभागावर कसे बसतील, हे फ्रेंकेल आणि कोंटोरोव्हा यांनी १९३८ मध्येच मांडलं होतं: बहुतेक अणू खाली जुळवून घेतात, उरलेला ताण अरुंद पट्ट्यांत गोळा होतो. २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकच अणू जाडीचा षटकोनी जाळीचा थर, सोलून निघालं. २०११ मध्ये टेक्सासच्या बिस्ट्रित्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी गणिताने दाखवलं, की ग्राफीनच्या दोन थरांत साधारण १.०५ अंशांचा कोन ठेवला तर इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ शून्यावर येतो, ऊर्जापट्टे (इलेक्ट्रॉनांना मिळू शकणाऱ्या ऊर्जांचे पट्टे) सपाट होतात. गणित देखणं, पण थर ताठ धरलेले, म्हणजे अणू जागचे हलत नाहीत असं मानलेलं.

मार्च २०१८ मध्ये एमआयटीच्या हारिलो-हेरेरो यांच्या गटाला अशाच नमुन्यात सुमारे १.७ केल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जरा वर, अतिवाहकता (विजेला अजिबात विरोध नसणं) मिळाली. बातम्यांत गाजला तो हा 'जादुई कोन'. पण सपाट पट्टे शेजारच्या पट्ट्यांपासून सुटे का दिसतात, याचं उत्तर ताठ थरांतून नीट मिळत नव्हतं.

ते अणूंच्या सरकण्यात होतं. अणूवर अणू आला तिथे थरांतलं अंतर सुमारे ३.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). एक अणू दुसऱ्या थरातल्या षटकोनाच्या मध्यावर आला तिथे ३.३५. पहिली जागा ऊर्जेच्या हिशेबात महागडी, म्हणून ती आक्रसते. दुसरी पसरते, आणि कोन एक अंशाखाली गेला की तिचे त्रिकोणच तयार होतात. नाम आणि कोशिनो यांनी २०१७ मध्ये हे गणिताने दाखवलं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिलिप किम यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलंही.

आपल्याकडे बेंगळुरूच्या आयआयएस्सीतल्या मित नाईक आणि मनीष जैन यांनी २०१८ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या थरदार पदार्थाच्या वळवलेल्या थरांत अतिसपाट पट्टे दाखवले. माझ्या मते हे काम आपल्या वर्गांत जादुई कोनाइतकंच शिकवायला हवं.

जादुई कोनाला एका मोअरे पेशीत (नक्षीच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या एका तुकड्यात) अकरा हजारांवर अणू असतात, त्यामुळे सगळं थेट क्वांटम पद्धतीने काढणं जड जातं. आधी अभिजात, म्हणजे क्वांटम नसलेल्या साध्या बलांनी अणू बसवून घ्यायचे, मग पट्टे काढायचे. पहिल्या टप्प्यासाठीचं लॅम्प्स सॉफ्टवेअर मोफत आहे. सांगली-साताऱ्याच्या एमएस्सीच्या पोरांना तेवढं काम बऱ्यापैकी डेस्कटॉपवर जमतं.