भरपाई कोणाला? गुलामगिरीच्या अंतामागचा मालमत्तेचा प्रश्न

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, त्यातच दोन कोटी पौंडांची भरपाईही मंजूर झाली. सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के इतकी ही रक्कम होती, आणि ती मिळाली गुलामांच्या मालकांना. सुटका झालेल्या सुमारे आठ लाख माणसांच्या हाती त्यातला एक पेनीही पडला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांनी आणखी काही वर्षे जुन्याच मालकांकडे बिनपगारी राबावे, अशी तजवीज कायद्यातच होती. कॅरिबियन देश आज जी नुकसानभरपाई मागत आहेत, त्या वादात हा निर्णय पुन्हा पुन्हा निघतो. त्याची मुळे युरोपातल्या ज्ञानोदयाच्या (एनलाइटनमेंटच्या) विचारांतल्याच एका न सुटलेल्या तेढीत आहेत.

फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले पहिले कलम शाळेतल्या पुस्तकांतही असते: माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात. सतरावे आणि शेवटचे कलम फारसे कोणी सांगत नाही. मालमत्ता हा अनुल्लंघनीय व पवित्र हक्क आहे. सार्वजनिक गरजेपोटी ती काढून घ्यायचीच झाली, तर आधी न्याय्य मोबदला दिला पाहिजे, असे ते म्हणते. राजाने मनात येईल तेव्हा कोणाचीही जमीन हिसकावू नये, हा त्यामागचा विचार रास्तच होता. पण फ्रान्सच्या वसाहतींत त्याच वेळी लाखो माणसे कायद्याने जंगम मालमत्ता ठरलेली होती. त्यांना पहिले कलम लावायला जावे, तर मालक सतराव्या कलमावर बोट ठेवत.

या पेचाचे उत्तर तेव्हा कोणाला सुचलेच नव्हते, असे म्हणता येणार नाही. एका फ्रेंच गणितज्ञ विचारवंताने १७८१ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तिकेत ते स्पष्ट दिले होते. माणूस कोणाची मालमत्ता होऊच शकत नाही. चोराकडून चोरीचा माल परत घेताना त्याला भरपाई देत नाहीत, तशी ती मालकालाही देणे लागत नाही. मात्र प्रत्यक्ष मुक्तीसाठी त्याच लेखकाने अनेक दशकांचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम सुचवला. तत्त्व इतके लख्ख आणि अंमल इतका लांबणीवर, ही त्या पिढीची खूण मला फार बोचते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानेही हाच रस्ता धरला. त्यानंतर जन्मलेली मुले स्वतंत्र, पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मालकाच्या सेवेत. म्हणजे तिथे भरपाई त्या मुलांच्या श्रमातूनच वसूल झाली.

पॅरिसमधल्या क्रांतिकारी सभेने मार्च १७९० मध्ये वसाहतींना राज्यघटनेच्या कक्षेतून वगळले आणि तिथल्या मळेवाल्यांच्या मालमत्तेला राष्ट्राचे खास संरक्षण दिले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७९१ मध्ये, सेंट-डोमिंग या कॅरिबियनमधल्या सर्वांत श्रीमंत वसाहतीत गुलाम उठले. फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रान्सने सर्व वसाहतींतली गुलामगिरी एका फटक्यात रद्द केली, तीही मालकांना काही न देता. पण आठच वर्षांत, मे १८०२ च्या कायद्याने, ती पुन्हा वैध ठरवली गेली. तिला परत आणायला आलेल्या फौजेचा सेंट-डोमिंगमध्ये पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी ती वसाहत हैती या नावाने स्वतंत्र झाली.

या इतिहासातला सर्वांत अन्यायकारक निर्णय माझ्या मते पुढचा आहे. १७ एप्रिल १८२५ रोजी फ्रेंच राजाने हुकूम काढला की हैतीचे स्वातंत्र्य मान्य होईल, पण त्याने जुन्या मळेवाल्यांच्या भरपाईसाठी पाच वार्षिक हप्त्यांत १५ कोटी फ्रँक भरावेत. शिवाय फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी. हा हुकूम घेऊन १४ युद्धनौका हैतीच्या किनाऱ्यावर आल्या. लढून मिळवलेले स्वातंत्र्य विकत घ्यायला लावले गेले. पहिल्या हप्त्यापुरतेही पैसे खजिन्यात नव्हते, म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचे कर्ज काढले, आणि सावकारांनी आपले काढून घेऊन हातावर दोन कोटी चाळीस लाखच ठेवले. १८३८ मध्ये एकूण मागणी नऊ कोटींवर आणली गेली, पण एक देणे फेडायला दुसरे, ही साखळी काही तुटली नाही. त्यातून निघालेल्या कर्जांचे शेवटचे हिशेब मिटायला विसावे शतक अर्धे सरत आले. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा पैसा कुठे गेला, हे हैतीच्या गरिबीची चर्चा करताना आधी विचारायला हवे.

या पार्श्वभूमीवर ब्रिटनचा १८३३ चा निर्णय पाहिला की त्यात नवे काही दिसत नाही. भरपाईशिवाय तो कायदा संसदेत मंजूरच झाला नसता, असे त्याचे समर्थक आजही म्हणतात. मालकांचे हितसंबंध दोन्ही सभागृहांत खोलवर रुजलेले होते, हे खरेच. पण १८३१ च्या नाताळात जमैकात झालेल्या मोठ्या उठावानंतर गुलामगिरी टिकवणेही महाग पडत होते, हे त्या युक्तिवादात येत नाही. आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतल्याच अनेकांचा भरपाईला विरोध होता.

या पैशाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. १८३४ मध्ये तिथे भारतातून करारबद्ध मजूर उतरू लागले. त्यात पुढे मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी मजूरही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव साजरा करतात. १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला मात्र लागू नव्हता. भारतासाठी वेगळा कायदा यायला १८४३ उजाडले.

फ्रान्सने १८४८ मध्ये गुलामगिरी दुसऱ्यांदा आणि कायमची संपवली, तेव्हा १८४९ च्या कायद्याने पुन्हा मालकांनाच भरपाई दिली. अमेरिकेतही एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनपुरती मुक्ती झाली, तेव्हा संघराज्याशी निष्ठावान मालकांना दर माणसामागे ३०० डॉलरपर्यंत मिळाले. १८६५ ची देशव्यापी मुक्ती विनामोबदला झाली, पण तोवर यादवी युद्धात काही लाख माणसे मेली होती.

गेल्या पंचवीस वर्षांत प्रश्न उलट्या बाजूने विचारला जाऊ लागला आहे. फ्रान्सने २००१ मध्ये गुलामांचा व्यापार व गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे कायद्याने मान्य केले. मूळ मसुद्यात नुकसानीचा हिशेब करणाऱ्या समितीची तरतूद होती. ती वाटेत गळली. हैतीने २००३ मध्ये फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची परतफेड मागितली. पुढच्या फेब्रुवारीत ती मागणी करणारे राष्ट्राध्यक्ष सत्तेबाहेर फेकले गेले आणि विषय बाजूला पडला. कॅरिबियन देशांच्या संघाने २०१३ मध्ये भरपाईसाठी आयोग नेमला. १८३५ मध्ये मालकांना पैसे देण्यासाठी काढलेले कर्ज इतर सरकारी कर्जात मिसळून २०१५ पर्यंत चालू होते, ही माहिती ब्रिटनच्या अर्थखात्याने २०१८ मध्ये दिली, तेव्हा तिथे संताप उसळला. गुलामांचे वंशज असलेले ब्रिटनमधले कॅरिबियन वंशाचे करदातेही इतकी वर्षे ते कर्ज फेडत होते. आणि १८२५ च्या हुकुमाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती जाहीर केली. पैसे परत करण्याचे आश्वासन त्या घोषणेत नाही.