भिंतीवरचे दोन थर्मोस्टॅट: २४ व्होल्टचा आणि २३० व्होल्टचा

गोव्यात बहुतेक वाड्यांवर कोणी ना कोणी आखातात नाहीतर लंडनला असतोच. सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेतून हल्ली स्मार्ट थर्मोस्टॅटही, म्हणजे तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारा स्विचही येतो. गोल काच, ठळक आकडे, मोबाइलवरून चालणारा. मग घरातले वायरमनला सांगतात, ‘बाब, एवढा एसीला लावून द्या.’ तो अमेरिकेच्या बाजारातला असेल तर बहुधा २४ व्होल्टचा निघतो आणि आपल्या भिंतीतली वायर २३० व्होल्टची असू शकते. बाहेरून दोन्ही थर्मोस्टॅट इतके सारखे दिसतात की अनुभवी माणूसही फसावा. चुकीची जोडणी झाली तर नवा थर्मोस्टॅट एमसीबी वर करताच जळतो आणि कधी भिंतीवरच पेट घेतो. म्हणून किंमत आणि ॲप बघायच्या आधी हे दोन वेगळे ओळखता यायला हवेत.

२३० व्होल्टचा थर्मोस्टॅट, ज्याला लाइन-व्होल्टेज म्हणतात, तो यंत्राचा सगळा करंट स्वतःमधून जाऊ देतो. घरातला गीझरच घ्या. २००० वॅटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३. हा सगळा भार थर्मोस्टॅटच्या दोन पॉइंटांमधून जातो. म्हणून ते पॉइंट जाड असतात आणि ठिणगी लांबत राहू नये म्हणून टक् करून एका झटक्यात सुटतात. फ्रीजमधला नॉब, जुन्या विंडो एसीचा नॉब हे याच जातीचे. मोठ्या हॉटेलांच्या खोल्यांत गार पाण्यावर चालणारी फॅन कॉइल युनिट असतात. त्यांचा पांढरा, पडदा असलेला थर्मोस्टॅटही बहुधा २३० व्होल्टचाच असतो. सगळ्यात जास्त फसवणारा तोच, कारण चेहरा हुबेहूब २४ व्होल्टवाल्याचा.

२४ व्होल्टच्या, म्हणजे लो-व्होल्टेज थर्मोस्टॅटपर्यंत कॉम्प्रेसरचा करंट येतच नाही. आतल्या युनिटमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर २३० चे २४ व्होल्ट करतो. खोली तापली की थर्मोस्टॅट दोन बारीक वायरी एकमेकींना जोडतो, ते २४ व्होल्ट बाहेरच्या युनिटमधल्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेनं ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलला मिळतात, कॉन्टॅक्टर खट् करून आत ओढला जातो आणि कॉम्प्रेसरचा भार त्याचे जाड पॉइंट वाहतात. दारावरच्या बेलसारखंच हे: बटण दार उघडत नाही, फक्त आत कळवतं. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला अर्धा अँपिअरही लागत नाही, म्हणून या वायरी टेलिफोनच्या वायरीएवढ्या बारीक असल्या तरी चालतं.

आता भिंतीवरचा ओळखायचा कसा? आधी एमसीबी खाली करा, घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. पुढचा चेहरा हळूच ओढला की मागची प्लेट दिसते. लाल, काळ्या, हिरव्या जाड वायरी, त्यांना पिळे घालून टेप गुंडाळलेली, शेजारी एल (फेज) आणि एन (न्यूट्रल) अशी अक्षरं असतील तर काम २३० व्होल्टचं आहे. तिथे थांबायचं आणि परवानाधारक वायरमनला बोलवायचं. चार-पाच बारीक रंगीत वायरी, बारीक स्क्रूंखाली दाबलेल्या, आणि आर, सी, वाय, जी, डब्ल्यू अशी अक्षरं असतील तर तो २४ व्होल्टचा. आर म्हणजे २४ व्होल्टचा पुरवठा, सी ही परतीची वाट, वाय कॉम्प्रेसरची, जी पंख्याची, डब्ल्यू हीटिंगची. गोव्यात हीटिंग लागतच नाही, त्यामुळे डब्ल्यू रिकामी सापडली तर गोंधळू नका. मात्र वायरीच्या रंगावर विसंबू नका. मागच्या कारागिराकडे त्या दिवशी जो रंग होता तो त्यानं ओढलेला असतो. प्लेटचा फोटो काढा, प्रत्येक वायरीला अक्षर लिहिलेली चिकटपट्टी लावा, मगच स्क्रू सैल करा.

इथे टेस्टरचा घोळ होतो. आपल्याकडचा नेहमीचा निऑनचा टेस्टर २४ व्होल्टला पेटतच नाही. तो पेटला नाही म्हणून वायर मेलेली आहे असं समजून आर आणि सी एकमेकींना टेकवल्या की कंट्रोल बोर्डचा फ्यूज उडतो आणि फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मर जातो. ज्याला मल्टिमीटर नीट हाताळता येतो त्यानं तो एसी (अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून, मोजण्यापुरता एमसीबी वर करून, आर आणि सी मध्ये मोजावं आणि एमसीबी पुन्हा खाली करावा. २४ ते २८ दिसले तर ठीक. २३० च्या आसपास दिसले तर नवा थर्मोस्टॅट पुन्हा खोक्यात ठेवा.

आपल्या बहुतेक फ्लॅटांत मात्र यातलं एकही नसतं. भिंतीवरच्या स्प्लिट एसीत थर्मिस्टर तापमान मोजतो, निर्णय बोर्ड घेतो आणि इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेगही बोर्डच ठरवतो. तिथे वाय आणि जी जोडायला जागाच नाही. अशा एसीला मोबाइलवर आणायचं असेल तर रिमोटसारखे इन्फ्रारेड संकेत सोडणारी छोटी डबी घ्यावी. डक्टवाल्या, म्हणजे छतातल्या नळांतून खोल्यांत हवा सोडणाऱ्या, काही एसींना कंपनीचा स्वतःचा वायरवाला रिमोट असतो, त्याची भाषा वेगळी, त्यालाही २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट लागत नाही. म्हणजे हे काम खरं उरतं ते बंगल्यातल्या आणि मोठ्या घरांतल्या, कॉन्टॅक्टरवर चालणाऱ्या डक्ट एसींना.

तिथे जुना काढून नवा लावण्यात फायदा आहे, पण ॲपसाठी नाही. आपल्याकडे पहिला फायदा थांबण्याचा. पावसात आणि मे महिन्याच्या भरात वीज दोन सेकंदांसाठी जाते आणि परत येते. जुना नॉबवाला थर्मोस्टॅट वीज येताच कॉम्प्रेसरला लगेच हुकूम देतो. आतला गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो, कॉम्प्रेसर गुरगुरतो पण फिरत नाही, आणि असं वारंवार झालं की त्याच्या मोटरचं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) जातं. चांगला इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबतो. एवढ्या एका गोष्टीसाठीही तो बदलावा असं मला वाटतं.

दुसरा फायदा ओलाव्याचा. आषाढ-श्रावणात बाहेर फार उकाडा नसतो, खोली पटकन २६ वर येते, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो आणि हवेतला ओलावा तसाच राहतो. मग कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते. ओलावा मोजणारा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर थोडा जास्त चालवून तो खाली आणू शकतो, म्हणून खरेदी करताना ही सोय आधी विचारा. आणि पंखा ‘ऑन’ वर ठेवू नका, ‘ऑटो’ वर ठेवा. ‘ऑन’ वर कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा फिरत राहतो आणि एसीच्या गार कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. पैसे खर्च न करता होणारी ही सुधारणा आहे, आजच करून बघा.

जोडणीत अडते ती सी वायर. जुन्या थर्मोस्टॅटला ती लागत नसे, म्हणून बऱ्याच घरांत ओढलेलीच नसते. स्मार्ट थर्मोस्टॅटला पडदा आणि वायफायसाठी सतत वीज हवी. सी नसेल तर काही मॉडेल दुसऱ्या वायरीतून थोडी थोडी वीज चोरून घेतात, आणि मग कॉन्टॅक्टर कटकटत राहतो नाहीतर बॅटरी उतरते. आधी भिंतीतली केबल जरा बाहेर ओढून बघा, आत दुमडून ठेवलेली एखादी न वापरलेली वायर असते. ती दोन्ही टोकांना सी ला जोडली की झालं. नसेल तर वेगळा २४ व्होल्टचा अडॅप्टर मिळतो. नंतर सेटिंगमध्ये फॅरनहाइटचं सेल्सिअस करा आणि यंत्राचा प्रकार ‘फक्त कूलिंग’ निवडा.

जागाही बघा. चिऱ्याची पश्चिमेकडची भिंत दुपारभर तापते आणि संध्याकाळी तीच उष्णता आत सोडते. तिथला थर्मोस्टॅट खोलीचं नव्हे तर भिंतीचं तापमान वाचतो आणि एसी उगाच चालत राहतो. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, टीव्ही आणि उन्हापासून दूर लावावा. मागचं वायरींचं भोक पुट्टीनं बुजवा, नाहीतर पाइपातली दमट हवा थेट सेन्सरवर येते.

गीझरच्या थर्मोस्टॅटला मात्र स्मार्ट करायच्या फंदात पडू नका. तो बिघडला तर त्याच रेटिंगचा नवा बसवा, आणि त्याच्या जोडीचा थर्मल कट-आउट कोणी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला तरी करू देऊ नका. पाणी उकळून टाकी फुटण्याआधी वीज तोडणारा तोच असतो. वेळ ठरवून गीझर चालवायचा असेल तर १६ अँपिअर झेपणारा टायमर पुरतो.

एखाद्या जुन्या परदेशी थर्मोस्टॅटमध्ये काचेच्या नळीत चकाकणारा थेंब दिसला तर तो पारा आहे. नळी फुटू देऊ नका, आणि असा थर्मोस्टॅट घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे, आत पारा आहे हे सांगून, वेगळा द्या.