बॉयलरचं काम बिघडवून गेलेल्या कंत्राटदाराविरुद्ध तक्रार: कागद कोणते, अर्ज अडतो कुठे

घरात गॅसचा वास येत असेल किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला असेल, तर पुढचं वाचत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, बॉयलर बंद करा, मीटरजवळची गॅसची चावी बंद करा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये) ०८०० १११ ९९९ ला फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं असं काही होत असेल आणि बाहेर पडलं की बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा आणि घरात बॉयलर आहे हे स्वतःहून सांगा. मोकळ्या हवेत रक्तातलं कार्बन मोनॉक्साइड उतरत जातं. दोन दिवसांनी केलेल्या तपासणीत बहुधा काहीच सापडत नाही.

आता प्रक्रियेकडे वळू. ही माहिती इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. स्वयंपाकघर नवं केलं, घर वाढवलं, बाथरूम हलवलं आणि त्या कामात कंत्राटदाराने बॉयलरला, गॅसच्या पाइपला किंवा फ्लूला (जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीला) हात लावला, अशा घरांतून तक्रारी येतात. गेली काही वर्षं ओळखीतल्या लोकांना हे अर्ज भरायला मदत करतो आहे. अर्ज अडतात ते जवळजवळ नेहमी त्याच चार-पाच जागी.

तक्रार जाते गॅस सेफ रजिस्टरकडे. १ एप्रिल २००९ पासून हीच अधिकृत नोंदणी आहे. त्याआधी ‘कोर्गी’ होती, त्यामुळे आज कुणी कोर्गीचं कार्ड दाखवलं तर ते चालत नाही. घरात गॅसचं काम करणाऱ्याची नोंदणी असणं कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार ऑनलाइन किंवा ०८०० ४०८ ५५०० वर फोन करून देता येते. पत्ता, कामाची तारीख, काय काम झालं, कुणी केलं, आता काय दिसतं आहे, एवढं लागतं. यातलं ‘कुणी केलं’ हेच सगळ्यांना जड जातं.

बिल असतं कंत्राटदाराच्या नावाचं. त्यावर एकच ओळ: ‘किचनचं काम, साहित्य व मजुरीसह’. गॅसचं काम करायला आलेला माणूस वेगळाच, त्याचं पहिलं नावही कुणाला धड आठवत नाही. “आमचा माणूस रजिस्टर्ड आहे” असं कंत्राटदाराने तोंडी सांगितलेलं असतं. पण व्यवसायाचा नोंदणी क्रमांक आणि इंजिनिअरचा परवाना क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना क्रमांक सात आकडी असतो आणि तो त्या माणसाच्या फोटो असलेल्या कार्डावर असतो. कार्डाची मागची बाजू तर कुणी बघतच नाही. त्या माणसाला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. शेगडी जोडण्याची पात्रता असली म्हणजे बॉयलर उघडायचीही आहे, असं नाही. काम अजून व्हायचं असेल तर कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या. माणूस चांगला असेल तर त्याला राग येत नाही.

काम होऊन गेलं असेल तर जे हाती आहे ते गोळा करा: कोटेशन, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरचे संदेश, त्या दिवशी काढलेले फोटो. “उद्या सकाळी बॉयलरवाला येईल” असा एका ओळीचा मेसेजही कामाचा असतो. गॅसचं काम कंत्राटदाराच्या सांगण्यावरून झालं, हे त्यातून दिसतं.

दुसरी अडचण सगळ्यात वाईट, कारण तिथे माणूस समजूतदारपणे वागायला जातो आणि फसतो. एका कुटुंबाचं उदाहरण सांगतो. नवं स्वयंपाकघर झाल्यावर बॉयलर सारखा बंद पडायला लागला. बघायला गेलो तर फ्लूची आडवी नळी नव्या प्लास्टरबोर्डच्या मागे पूर्ण गाडलेली, तपासणीसाठी एकही झाकण नाही आणि बॉयलरच्या पुढच्या पत्र्याचे खालचे दोन स्क्रू गायब. आधुनिक बॉयलरमध्ये तो पत्रा शोभेपुरता असेलच असं नाही; अनेकांत तो जळालेला वायू खोलीत येऊ न देणारी सीलबंद बाजू असतो. थंडीचे दिवस, घरात लहान मूल. त्यांनी शनिवारी दुसरा इंजिनिअर बोलावला, बोर्ड फोडून सगळं नीट करून घेतलं आणि सोमवारी तक्रार दिली. तोवर रजिस्टरच्या तपासनिसाला बघण्यासारखं घरात काही उरलंच नव्हतं. पहिल्याने काय केलं होतं ते सिद्ध होईना.

म्हणून क्रम असा ठेवा. यंत्रणा सुरक्षित करून घ्या, म्हणजे गॅस बंद आणि जोड तोडलेला. दुरुस्ती मात्र थांबवा. आणीबाणीच्या नंबरवरून येणारा माणूसही तेवढंच करतो. बॉयलर दुरुस्त करून देणं त्याचं काम नाही, त्यावरून त्याच्याशी वाद घालू नका. तो किंवा तुम्ही बोलावलेला नोंदणीकृत इंजिनिअर इशारापत्र देतो. त्यावर ‘इमिजिएटली डेंजरस’ (आत्ताच जिवाला धोका) किंवा ‘ॲट रिस्क’ (पुढे धोका होऊ शकतो) असं लिहिलेलं असतं. तुमच्या अर्जातला सगळ्यात वजनदार कागद हाच. लोक तो फ्रिजवर चिकटवतात आणि हरवतात. बॉयलरवरचं लेबल काढून तो पुन्हा सुरू करणारेही मी पाहिले आहेत. धोका आहे हे माहीत असताना उपकरण वापरणं १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार गुन्हा आहे, आणि त्या घरात झोपायचं तुम्हालाच आहे. तपासणी होईपर्यंत विजेच्या हीटरवर काढा. गैरसोय होते, मला मान्य आहे. पण कुणी हात लावण्याआधीचे फोटो आणि तपासणी, दोन्ही हातात असू द्या.

वर सांगितलेल्या झाकणाबद्दल थोडं अधिक. फ्लू छतात किंवा भिंतीत लपवला असेल तर निदान ३०० × ३०० मिलिमीटरची तपासणी-झाकणं हवीत, आणि नळीचा कुठलाही सांधा जवळच्या झाकणापासून दीड मीटरच्या आत हवा. सांधे सुटले आहेत का ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे, यासाठी. १ जानेवारी २०१३ पासून अशी झाकणं नसलेली यंत्रणा ‘ॲट रिस्क’ धरली जाते. “दिसायला बरं नाही” म्हणून कंत्राटदार ती बुजवून टाकतात.

तिसरा घोळ प्रमाणपत्रांचा. “आमच्याकडे गॅस सर्टिफिकेट आहे” असं म्हणून लोक जो कागद काढतात, तो बहुतेकदा भलताच असतो. नवा बॉयलर बसवला की इंजिनिअरने ३० दिवसांच्या आत त्याची नोंद करायची असते. मग इंग्लंड-वेल्समध्ये इमारत नियम पूर्ततेचं प्रमाणपत्र पोस्टाने घरी येतं. घर विकताना वकील तेच मागतात. ही नोंद घरमालक स्वतः करू शकत नाही, बसवणाऱ्यानेच करायची असते. ३० दिवसांची मुदत त्याला आहे, तुम्हाला नाही. ती उलटली म्हणून तक्रारीचा हक्क गेला असं समजून गप्प बसलेले लोक मला भेटले आहेत. प्रमाणपत्र आलंच नाही, तर तेही तक्रारीत लिहा. हरवलं असेल तर थोडी फी भरून दुसरी प्रत मिळते. आणखी एक कागद बॉयलरच्या पुस्तिकेतच असतो: शेवटच्या पानांवरचा ‘बेंचमार्क’ तक्ता, ज्यात बसवणाऱ्याने मोजलेले आकडे भरायचे असतात. तो कोरा असेल तर त्या कोऱ्या पानाचा फोटो काढा. कोरं पानही बरंच काही सांगतं.

काम करणारा नोंदणीकृत निघाला तर तपासनीस येतो. यासाठी तुम्हाला पैसे पडत नाहीत. दोष आढळला तर त्या व्यवसायाला तो दुरुस्त करायला सांगितलं जातं, आणि नोंदणी जाण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. नोंदणी नसलेला निघाला तर ते बेकायदा काम ठरतं आणि प्रकरण एचएसईकडे, म्हणजे आरोग्य व सुरक्षा कार्यालयाकडे, खटल्यासाठी जाऊ शकतं. अशा वेळी कंत्राटदार गोड बोलतो: “तक्रार कशाला, मीच येऊन नीट करून देतो.” नोंदणी नसेल तर त्याला पुन्हा हात लावू देऊ नका. तो तोच गुन्हा दुसऱ्यांदा करेल.

पैशांची अपेक्षा या अर्जातून ठेवू नका. अर्जात पानभर नुकसानभरपाई मागतात आणि दोष काय आहे ते एका ओळीत उरकतात, असं मी अनेकदा पाहिलं. रजिस्टर फक्त सुरक्षितता बघतं. पैशांसाठी वाट वेगळी: २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम वाजवी काळजी आणि कौशल्याने झालं नसेल तर ते पुन्हा करून मागता येतं किंवा रक्कम कमी करून मागता येते. १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या कामाचे पैसे, अगदी त्यातला काही भागही, क्रेडिट कार्डाने भरला असेल तर बँकेकडे दावा करता येतो. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे लहान दाव्यांच्या न्यायालयात जातात. कंत्राटदाराला पत्र लिहा, पण तपासणीची तक्रार नोंदवल्यानंतर.

भाड्याच्या घरात असाल तर तुमचा अर्ज निराळा. घरमालकाने दर १२ महिन्यांनी गॅसची तपासणी करून घ्यायची असते आणि तिची नोंद २८ दिवसांत तुम्हाला द्यायची असते. नव्या भाडेकरूला ती राहायला येण्याआधी मिळाली पाहिजे. मालकाने कंत्राटदार आणून बॉयलर हलवला आणि कागद द्यायला टाळाटाळ करतो आहे, तर आधी त्याला लेखी विचारा, फोनवर नको. उत्तर आलं नाही तर एचएसईचा एलजीएसआर१ हा फॉर्म भरा. त्या फॉर्मसोबत तुमचं पत्र, त्याची तारीख आणि भाडेकरार हाताशी ठेवा.