पायावरचे जांभळे ठिपके आणि ‘इम्युनिटी कमी’ची थाप
पायावर जांभळट ठिपके उठले की घरोघरी एकच निदान, रक्त खराब झालंय नाहीतर इम्युनिटी कमी पडलीय, काढा प्या. सगळेच ठिपके व्हॅस्क्युलायटिसचे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला येणाऱ्या सुजेचे, नसतात, पण असतील तर भानगड नेमकी उलटी असते. त्याच्या एका प्रकारात अँका नावाच्या अँटीबॉडीज आपल्याच पांढऱ्या पेशींवरच्या पीआर-३ किंवा एमपीओ प्रोटीनला धरतात, पेशी खवळतात, बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून तिथेच एन्झाइम सोडतात, भिंत सुजते, रक्त बाहेर झिरपतं आणि तोच तो ठिपका, वरून काचेचा ग्लास दाबला तरी जात नाही. हेच किडनीत चालू असलं तर दुखत-खुपत काहीच नाही हो, म्हणून लघवीची साधी तपासणी आधी करा. औषधं काय, तर स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब, म्हणजे डॉक्टर इम्युनिटी मुद्दाम दाबतात आणि इकडे आपण ती वाढवायला गुळवेल उकळतोय!