कार्ड दमदार, पण बारा व्होल्टचं काय?

"मामा, कार्ड सहा जीबीचं आहे, तरी पीसी बंद पडतोय." कळव्याहून भाच्याचा फोन आला आणि पहिल्याच वाक्यात गैरसमज सापडला. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं तयार करणारं कार्ड म्हटलं की सगळे मेमरीचे जीबी विचारतात. वॅट क्वचित कोणी विचारतं, आणि 12 व्होल्टवर किती अँपिअर मिळतात, हे तर कोणीच नाही.

त्याचा डेस्कटॉप 2013 सालचा, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. त्यात त्याने लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड जीटीएक्स 1060 आणून बसवलं. 2016 सालचं हे कार्ड, खातं 120 वॅट. गेम वीस मिनिटं छान चालायचा, मग पडद्यावर मोठा स्फोट झाला की पीसी फटकन बंद आणि आपोआप पुन्हा सुरू. घरातल्या आजींचं म्हणणं, कार्ड अमावस्येला बसवलं म्हणून असं होतंय. आजींचा मान ठेवूनही हे खोडायलाच हवं. कळव्याजवळच ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत, ती अमावस्येलाही पौर्णिमेइतकीच चालतात. कारण कॅबिनेटच्या आतच शोधावं लागतं.

रविवारी जाऊन कॅबिनेटचं झाकण काढलं. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ठळक अक्षरांत 450 वॅट. त्याखालच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर. गुणाकार करा: 216 वॅट. बाकीचे वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या लाइनवर दाखवलेले, जिथे कार्डाला त्यांचा उपयोग नाही. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः 12 व्होल्टवरच जगतात. कार्डाचे 120, प्रोसेसरचे 84, झाले 204. पंखे आणि हार्ड डिस्क धरली की काठावरच.

पण काठावर म्हणजे अजून आतच, मग बंद का पडतो? इथून पुढचा भाग मला फार आवडतो.

120 वॅट ही सरासरी आहे. कार्डावरच्या चिपला साधारण 1 व्होल्ट लागतो. 1 व्होल्टवर 100 वॅट म्हणजे 100 अँपिअर! घरातल्या गिझरच्या जाड पिनचा प्लग 16 अँपिअरचा असतो. एवढा प्रवाह लांब वायरीतून आणणं परवडत नाही, म्हणून वायरीतून 12 व्होल्ट येतात आणि चिपच्या अगदी शेजारी त्यांचा 1 व्होल्ट केला जातो. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला मिळतात साधारण 17 मिलिसेकंद. त्यात चिप कधी जीव तोडून काम करते, कधी क्षणभर रिकामी. स्फोट आला की अब्जावधी ट्रान्झिस्टर एकदम कामाला लागतात आणि मागणी काही मायक्रोसेकंदांपुरती सरासरीच्या कितीतरी वर उडी घेते.

आपल्या सोसायटीतलं पाणी आठवा. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, तरी नळ दिवसभर चालतो, कारण गच्चीवर टाकी आहे. एसएमपीएसमध्ये ही टाकी म्हणजे कपॅसिटर. भिंतीतली 230 व्होल्टची वीज आत आधी सुमारे 325 व्होल्टची एकदिश (डीसी) होते, मग ती सेकंदाला हजारो वेळा तोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 12 व्होल्टवर आणली जाते. मागणी अचानक वाढली तर हे चक्र सावरेपर्यंतचा क्षण कपॅसिटरने भागवायचा असतो.

आणि ही टाकी म्हातारी होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मधे द्रावणात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. उष्णतेने ते द्रावण सुकत जातं, साठा घटतो आणि आतला रोध वाढतो. म्हणजे टाकी लहान झाली आणि तिचा पाइपही गाळाने भरला. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. 105 अंशांना 2000 तास टिकणारा कपॅसिटर 65 अंशांना 32,000 तास टिकेल, रोज आठ तास धरले तर जवळपास 11 वर्षं. 85 अंशांनाच 2000 तास टिकणारा स्वस्त कपॅसिटर त्याच 65 अंशांना 8000 तास, म्हणजे तीन वर्षंही नाही.

जाळीतून टॉर्च मारला. कपॅसिटरच्या टोपीवर फुलीची खाच असते, आतला वायू कोंडला तर तिथून सुटावा म्हणून. एकाची टोपी फुगून घुमटासारखी झाली होती, फुलीच्या मधोमध तपकिरी डाग.

"पण मी मीटर लावून बघितलं, 11.9 येतंय," भाचा म्हणाला. मल्टिमीटर सेकंदाला जेमतेम काही वेळा वाचन दाखवतो, मायक्रोसेकंदांचा खड्डा त्याला दिसणारच नाही. नियमाप्रमाणे 12 व्होल्टची लाइन 11.4च्या खाली जाता कामा नये. ती फारच घसरली की एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला 'पॉवर गुड' हा इशारा काढून घेतो आणि मदरबोर्ड पीसी रीसेट करतो. पीसीच्या एसएमपीएससाठीच्या 2022 सालच्या एटीएक्स 3.0 नियमावलीत तर मोठ्या एसएमपीएसनी 100 मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा, अशी अटच घातली आहे.

नवा घेताना दुकानदाराने त्याला खोक्यावरचं '80 प्लस' दाखवलं. ते वाईट नाही, पण ते सांगतं भिंतीतल्या विजेपैकी किती वाया जात नाही ते. ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. आम्ही तक्ता वाचला: 12 व्होल्टवर 37 अँपिअर, म्हणजे 444 वॅट. कार्डाला सहा पिनी वायर थेट त्यातूनच दिली. मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॅट, या वायरीतून आणखी 75. तोच गेम, तोच स्फोट, पीसी चालू राहिला.

जुनं एसएमपीएस उघडून बघायचा हट्ट भाच्याने धरला होता. मी ते काढून घेतलं. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. ते न उघडता ई-कचऱ्यात दिलं.