आपल्या घरातील वीज कोठून येते? नूतनीकरणक्षम आणि अनूतनीकरणक्षम ऊर्जास्रोतांविषयी मुलांसाठी माहितीपत्रक

आम्ही कोकणात घरांच्या छपरांवर सौर पॅनेल आणि सौर बंब बसवून देतो. काम चालू असताना घरातील मुले जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे घाईघाईत देणे आम्हाला योग्य वाटत नाही. म्हणून हे माहितीपत्रक तयार केले असून पालकांनी ते मुलांबरोबर बसून वाचावे, अशी विनंती आहे.

एखादा ऊर्जास्रोत नूतनीकरणक्षम आहे की नाही, हे ठरवताना एकच गोष्ट पाहावी: आपण तो ज्या वेगाने वापरतो, त्या वेगाने निसर्ग तो पुन्हा भरून काढतो का? विहिरीला झऱ्याने जेवढे पाणी येते तेवढेच उपसले तर ती आटत नाही, आणि झराच नसलेल्या खड्ड्यातील पाणी कितीही जपून वापरले तरी एक दिवस संपते. सूर्यप्रकाश, वारा, नदीचे पाणी आणि शेण हे पहिल्या प्रकारात येतात. कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि युरेनियम हे दुसऱ्या प्रकारात.

चंद्रपूर-वणी भागातील कोळसा ज्या वनस्पतींपासून बनला, त्या २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वाढल्या, दलदलीत गाडल्या गेल्या आणि वरच्या थरांच्या दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करण्यासाठी त्यातील साधारण अर्धा ते पाऊण किलो जाळावा लागतो, आणि त्या एका युनिटवर ७५ वॅटचा पंखा सुमारे १३ तास चालतो. निर्मितीला लागलेला काळ आणि वापराला लागलेला काळ यांतील हे अंतर मुलांना अवश्य समजावून सांगावे. शिवाय जळताना कोळसा कोट्यवधी वर्षे जमिनीत साठलेला कार्बन हवेत सोडतो आणि त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात असलेल्या ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रातून १९७६ पासून तेल काढले जात आहे. तेही समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून अशाच प्रदीर्घ काळात तयार झालेले आहे.

पालघर जिल्ह्यातील तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. तेथे कोळशाचा धूर निघत नाही, म्हणून ही ऊर्जाही नूतनीकरणक्षम असावी असे अनेक मुलांना वाटते. परंतु धूर नसणे आणि पुन्हा भरून येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. युरेनियम जमिनीतून एकदा काढले की तेथे नव्याने तयार होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर नूतनीकरणक्षम ऊर्जा समजावून सांगणे सोपे आहे, कारण ती रोज अनुभवास येते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहतात. याच वाऱ्यांवर पूर्वी शिडाच्या होड्या चालत असत, आज बहुतेक होड्या डिझेलवर चालतात. देवगडच्या सड्यावरील पवनचक्क्याही वाऱ्यावर वीज निर्माण करण्यासाठीच उभारल्या गेल्या. पावसाचे मूळही सूर्यच आहे: समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती सह्याद्रीवर पाऊस होऊन पडते आणि कोयनेच्या जलाशयात साठते. तेथून हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे, चिपळूणजवळच्या पोफळी परिसरातील वीजगृहांत उतरते, टर्बाइन फिरवते आणि पुढे वाशिष्ठी नदीतून पुन्हा समुद्राला मिळते. मात्र या जलाशयासाठी अनेक गावांना आपली जमीन सोडावी लागली, हेही मुलांना सांगितले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

चुलीतील लाकडाचे उत्तर सरळ नाही. ऐन किंवा किंजळ तोडल्यावर तितकीच झाडे वाढू दिली तर ते इंधन नूतनीकरणक्षम आहे; डोंगर उघडा पडेपर्यंत तोड चालली तर नाही. गोठा असलेल्या घरी बायोगॅस आम्हाला अधिक चांगला पर्याय वाटतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि उरलेली स्लरी बागेला खत म्हणून उपयोगी पडते.

आता आपल्या छपराविषयी. एक किलोवॅटच्या सौर संचाला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने तो दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. जुलै-ऑगस्टमध्ये दाट ढगांमुळे हे प्रमाण बरेच घटते. तो यंत्रातील बिघाड नव्हे. सूर्य संपत नसला तरी तो हवा तेव्हा मिळतोच असे नाही, म्हणून बॅटरी किंवा महावितरणच्या जाळ्याची जोड द्यावी लागते.

मुलांचा आणखी एक नेहमीचा प्रश्न असतो: छपरावर पॅनेल असूनही वीज गेल्यावर घरात अंधार का होतो? जाळ्याला जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या संचाचा इन्व्हर्टर (पॅनेलमधील वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) अशा वेळी मुद्दाम स्वतःला बंद करतो. तसे झाले नाही, तर घरातील वीज बाहेरच्या तारांत जाईल आणि दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरील अनेक गावे बरेच दिवस विजेविना होती. अशा प्रसंगी घरात दिवे हवे असतील, तर बॅटरीसह संच घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च अधिक येतो, हे आम्ही खरेदीपूर्वीच स्पष्ट सांगतो.

इन्व्हर्टरच्या पडद्यावर दिवसभरात तयार झालेल्या युनिटचा आकडा दिसतो. मुलांनी तो रोज सायंकाळी वहीत लिहावा आणि शेजारी ऊन, ढग किंवा पाऊस अशी नोंद करावी. देखभालीसाठी आमचे तंत्रज्ञ येतील तेव्हा ही वही त्यांना दाखवावी. स्वच्छ उन्हाच्या दिवसांतही आकडा घटत गेला असेल, तर पॅनेलवर धूळ, खारा थर किंवा वाढलेल्या झाडाची सावली आली आहे का, हे त्यावरून तपासता येते.