भेटीचे संकेतस्थळ आणि अभिलेखाचे संकेतस्थळ

एखादा किल्ला, लेणे किंवा जुना वाडा लोकांसाठी खुला करायचे ठरले की संकेतस्थळाचा विषय निघतोच, आणि तिथेच दोन वेगळी कामे एकमेकांत मिसळतात. एक काम येणाऱ्या माणसाला वास्तूपर्यंत नीट पोहोचवण्याचे, तर दुसरे त्या वास्तूच्या नोंदी सांभाळण्याचे. दोन्हींत तीच छायाचित्रे आणि तोच इतिहास दिसत असल्यामुळे ती एकच वाटतात.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून दोन्ही पाहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला वाकाटक राजघराण्यावरील लेखापेक्षा ही एक ओळ आधी हवी असते. अजिंठ्याला खाजगी वाहन फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते. सिंधुदुर्गाला जाणारी मालवणची होडी पावसाळ्यात बंद असते. भेटीच्या संकेतस्थळावर अशी माहिती पहिल्याच पानावर, युनिकोड मजकुराच्या, म्हणजे संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरांच्या रूपात असावी. सूचनेचा कागद स्कॅन करून चढवला, तर तो शोधात सापडत नाही आणि अंध वाचकाचे स्क्रीन रीडरही तो नीट वाचू शकत नाही. पायऱ्या किती आहेत, पाणी व स्वच्छतागृह कुठे आहे, हेही तिथेच सांगावे. वेळ बदलली की जुनी सूचना लगेच काढली पाहिजे, त्यामुळे ती बदलण्याची मुभा तिकीटखिडकीवरच्या कर्मचाऱ्याला असणे मला आवश्यक वाटते.

अभिलेखात नेमके उलटे असते. तिथे जुने काही पुसायचे नसते. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले, पण त्यांतील बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक 1885 मध्ये लंडनमध्येच आगीला बळी पडल्या. भिंतीवरचा रंग तेव्हापासून आणखी झडला असल्याने, उरलेली प्रत्येक प्रतिकृती हा आज पुरावा ठरतो. मात्र ती कोणत्या लेण्यातील, कोणत्या भिंतीची, कोणी आणि केव्हा केली, हे सोबत लिहिलेले असेल तरच तिचा उपयोग होतो. अशा नोंदींसाठी डब्लिन कोअर या नोंदी लिहिण्याच्या मानकातील शीर्षक, निर्माता, तारीख असे 15 मूलघटक ही चांगली सुरुवात आहे. प्रत्येक नोंदीचा पत्ता कायमचा असावा, आणि चूक सापडली तर दुरुस्ती तारखेसह जोडून मूळ मजकूर तसाच ठेवावा.

दोन्ही कामे एकाच कंत्राटात गेली की नुकसान बहुधा अभिलेखाचे होते. पान लवकर उघडावे म्हणून छायाचित्रे लहान केली जातात, मूळ फाइली कंत्राटदाराकडेच राहतात आणि मुदत संपल्यावर सर्व्हरसोबत त्याही जातात. म्हणून अंदाजपत्रकात दोन्हींसाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि मूळ फाइली संस्थेच्याच ताब्यात राहाव्यात.

मात्र अभिलेखातील सगळेच सर्वांना दाखवायचे नसते. पहारा नसलेल्या सुट्या मूर्तीचे नेमके ठिकाण चोराच्याही उपयोगी पडते; ते फक्त अभ्यासकाला, लेखी मागणी आल्यावरच द्यावे.